ट्रीमधला लाल रंग भलत्याच ओळीवर का चढतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी तुम्ही जावा स्विंगमध्ये (जावाच्या खिडक्या-बटणांच्या टूलकिटमध्ये) प्रोग्रॅम लिहिलाय. डाव्या बाजूला जेट्री, म्हणजे फांद्यांची यादी: वर पार्टी, पार्टीखाली ऑर्डर, ऑर्डरखाली लॉट. मुदत उलटलेला लॉट लाल, पॅकिंग झालेला हिरवा, बाकीचे काळे, एवढंच हवंय. पण लाल व्हायचा तो लॉट काळाच राहतो आणि त्याच्या खालचे सगळे लाल होतात. माउसने इकडेतिकडे क्लिक करत गेलं की वरचेही एकेक करून लाल होत जातात. शिवाय निवडलेली ओळ वाचता येत नाही, सेट-बॅकग्राउंडला ट्री दाद देत नाही, आणि ठळक केलेल्या नावांची शेपटी तुटून तिथे तीन टिंबं येतात. शेवटी तुम्ही विचारलंय, ट्री सोडून सरळ टेबल वापरू का?

टेबल नको. टेबलाचा रेंडररही (ओळी रंगवणारा भाग) याच पद्धतीने चालतो, म्हणजे हाच गोंधळ तुम्ही तिकडे घेऊन जाल. आणि तुमचा डेटा मुळातच पार्टी-ऑर्डर-लॉट असा फांद्यांचा आहे, त्याला ट्रीच शोभते.

मी सोलापुरात गेली बरीच वर्षं कारखान्यांसाठी असे प्रोग्रॅम लिहितोय. रंगाचा प्रश्न वरवरचा वाटतो, पण मी तो हलक्यात घेत नाही, त्याला कारण आहे. एका कारखान्यात माझ्याच ट्रीमध्ये तुमच्यासारखा दोष राहून गेला होता. निम्मी ट्री लाल दिसायची. दोन-तीन दिवसांत सुपरवायझरने लाल रंगाकडे बघणंच सोडून दिलं, आणि त्याच आठवड्यात खरोखर मुदत उलटलेला एक लॉट शिवणविभागात पडून राहिला. माल उशिरा गेला, पार्टीने बिल कापलं. चुकीचा रंग हा रंग नसण्यापेक्षा वाईट असतो, हे मी तिथे शिकलो.

आता मूळ कारण. जेट्रीत हजार ओळी असल्या तरी हजार लेबलं नसतात. रेंडरर एकच असतो. ट्री त्याला पहिल्या ओळीची माहिती देते, तो तसा नटतो, ट्री त्याचा छाप पडद्यावर उमटवते. मग दुसऱ्या ओळीची माहिती, पुन्हा छाप. असं दिसणाऱ्या प्रत्येक ओळीसाठी, आणि पडद्याचा तो भाग नव्याने रंगवायची वेळ येईल त्या प्रत्येक वेळी.

आपल्या गावात हे समजावून सांगायला यंत्रमागाइतका चांगला दाखला नाही. साध्या मागावर धोटा एकच असतो. तो डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जातो आणि प्रत्येक फेरीत आडव्या धाग्याची एक ओळ टाकतो. धोट्यात लाल कांडी भरली असेल तर कांडी बदलेपर्यंत प्रत्येक ओळ लालच पडणार. धोट्याला आठवण नसते की मागची ओळ लाल होती, आता पांढरी हवी. रेंडरर म्हणजे हा धोटा. तुम्ही लाल कांडी भरलीत आणि ती काढायची कुठेच सोय केली नाहीत.

तुमचा रेंडरर डिफॉल्ट-ट्री-सेल-रेंडररवरून काढलेला आहे. आत तुम्ही आधी सुपरची, म्हणजे त्या मूळ क्लासची, गेट-ट्री-सेल-रेंडरर-कंपोनंट मेथड बोलावता आणि त्यानंतर लॉट उशिराचा असेल तर सेट-टेक्स्ट-नॉन-सिलेक्शन-कलर वापरून लाल देता. खरा घोळ इथे आहे, आणि तो दुहेरी आहे.

सुपरची मेथड काय करते ते बघा. ती ओळ निवडलेली आहे का ते पाहते. निवडलेली असेल तर टेक्स्ट-सिलेक्शन-कलर, नसेल तर टेक्स्ट-नॉन-सिलेक्शन-कलर उचलते आणि सेट-फोरग्राउंडने लेबलाला लावते. म्हणजे तुमची लाल ओळ चालायच्या आधीच या ओळीचा रंग ठरून गेलेला असतो: काळा. त्यानंतर तुम्ही जे बदलता तो या ओळीचा रंग नव्हे, ती रेंडररची कायमची पसंती. ती उपयोगात येते पुढच्या ओळीला. म्हणून उशिराचा लॉट काळा आणि त्याच्या खालचा लाल. पुढे ती पसंती परत काळी करणारं कुणी नाही, म्हणून त्याखालचे सगळे लाल. आणि क्लिक केल्यावर ट्री फक्त त्या एक-दोन ओळी पुन्हा रंगवते. तोवर रेंडररच्या पोटात लाल बसलेलाच असतो, म्हणून वरच्या काळ्या ओळीही हात लावाल तशा लाल होत जातात. तुम्ही पाहिलेल्या तिन्ही खुणा या एका ओळीतून निघतात.

उपाय: रेंडररच्या पसंतीला हात लावू नका. सुपरची मेथड सातही पॅरामीटर जसेच्या तसे देऊन सगळ्यात आधी बोलवा. ती रंग, मजकूर आणि आयकॉन मूळ पदावर आणून ठेवते. त्यानंतर लॉट उशिराचा असेल आणि ओळ निवडलेली नसेल, तरच सेट-फोरग्राउंडने लाल द्या. सेट-फोरग्राउंड या एका छापापुरताच टिकतो, कारण पुढच्या ओळीला सुपर तो पुन्हा बदलणार असते. क्रम उलटा केलात, आधी सेट-फोरग्राउंड आणि मग सुपर, तर मात्र तुमचा रंग कधीच दिसणार नाही. काही जण तिथेच अडकतात आणि ट्री रंग घेत नाही म्हणून कपाळावर हात मारतात.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट, जी पुष्कळांना ठाऊक नसते. सुपर फोरग्राउंड दर वेळी नव्याने लावते, पण फॉन्टला ती हातही लावत नाही. टूलटिप, बॉर्डर आणि सेट-ओपेकचंही तेच. तेव्हा उशिराच्या लॉटला तुम्ही सेट-फॉन्टने ठळक अक्षर दिलंत आणि 'नाहीतर'मध्ये ते परत साधं केलं नाहीत, तर रंग बरोबर पडेल पण ठळकपणा खालच्या ओळींवर सांडेल. तुमच्या ट्रीत हे होत असणारच. लाल रंगाच्या गडबडीत ते नजरेत आलं नसेल एवढंच. ज्या ज्या गोष्टीला तुम्ही 'जर'मध्ये हात लावता तिला 'नाहीतर'मध्येही हात लावायचा, ही सवय लावून घ्या. फॉन्टसाठी 'नाहीतर'मध्ये ट्रीचा स्वतःचा फॉन्ट द्या. ठळक फॉन्ट एकदाच तयार करून फील्डमध्ये ठेवा. दर ओळीला नवा फॉन्ट घडवायची गरज नाही.

आयकॉनची जात रंगासारखीच. सेट-लीफ-आयकॉन ही पसंती, सेट-आयकॉन हा या छापापुरता. ओळीप्रमाणे बदलायचा असेल तर सुपरनंतर सेट-आयकॉन.

आता तुमच्या कोडमधली दुसरी ओळ, जी आज चालते पण उद्या दगा देईल. लॉट उशिराचा आहे हे तुम्ही व्हॅल्यूच्या मजकुरात 'उशीर' हा शब्द शोधून ठरवता. व्हॅल्यू म्हणून जे येतं तो तुमचा लॉट नसतो, तो डिफॉल्ट-म्युटेबल-ट्री-नोड असतो, म्हणजे तुमचा लॉट पोटात ठेवणारी ट्रीची एक गाठ. त्याची टू-स्ट्रिंग मेथड आतल्या ऑब्जेक्टचीच टू-स्ट्रिंग परत देते म्हणून शब्द सापडतो आणि सगळं ठीक आहे असा भास होतो. पण हे सोलापूर आहे. इथे एकाच कारखान्यात ऑफिस मराठीत बोलतं, लूमवर तेलुगू चालतं, अन् भिंतीपलीकडच्या गोदामात कन्नड. उद्या मालक म्हणाले की लेबलं तेलुगूतही दिसू द्या, तर 'उशीर' हा शब्दच नाहीसा होईल आणि त्याबरोबर तुमचा लाल रंगही. 'उशिरा' लिहिलं तरी तुटेल. नोडमधून गेट-यूजर-ऑब्जेक्टने लॉट काढा, तो खरोखर लॉटच्याच क्लासचा आहे ना हे इन्स्टन्सऑफने तपासा (पार्टी आणि ऑर्डरच्या ओळीही याच रेंडररमधून जातात, न तपासता कास्ट केलंत तर पहिल्याच पार्टीवर प्रोग्रॅम आपटेल), आणि लॉटला त्याची स्थिती विचारा. स्थितीसाठी एक ईनम (ठरावीक पर्यायांचा प्रकार) ठेवा: चालू, उशिरा, पॅक. रंग ठरतो स्थितीवरून. लिहिलेल्या शब्दावरून तो कधीच ठरवू नका.

आणि ही स्थिती रेंडररमध्ये मोजू नका. मी एका ठिकाणी पाहिलंय, रेंडररच्या आत डेटाबेसला क्वेरी जात होती. ट्री वर-खाली सरकवली की पडदा हिसके खायचा आणि सगळे नेटवर्कला दोष द्यायचे. रेंडरर रंगवण्यासाठी तर बोलावला जातोच, शिवाय ओळीची रुंदी-उंची मोजायलाही बोलावला जातो. तिथे फक्त तयार उत्तर वाचायचं.

निवडलेल्या ओळीकडे येतो. निवडलेल्या ओळीची पार्श्वभूमी निळी आणि अक्षरं लाल असं तुमच्याकडे होतंय, म्हणजे सेट-टेक्स्ट-सिलेक्शन-कलरलाही कुठेतरी लाल दिलेला असणार; तीही ओळ काढा. हे वाचता न येणं म्हणजे तुमच्या डोळ्यांचा दोष नाही, साधा हिशोब आहे. वेबवरच्या मजकुरासाठी डब्ल्यूसीएजी नावाचे जे नियम आहेत त्यांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर साध्या अक्षरासाठी किमान ४.५ असावं असं म्हटलंय. डेस्कटॉपलाही तोच मापदंड लावायला काही हरकत नाही. विंडोजचा नेहमीचा निवडीचा निळा, म्हणजे ०, १२०, २१५, यावर शुद्ध लाल ठेवला तर ते गुणोत्तर जेमतेम १.१ येतं. दोन्ही रंग डोळ्याला जवळजवळ सारखेच उजळ, म्हणून अक्षराची कड सापडत नाही. त्याच निळ्यावर पांढरं अक्षर ४.५ देतं. म्हणून निवडलेल्या ओळीला आपला रंग द्यायचाच नाही, सुपरने जो दिला तो राहू द्यायचा.

पांढऱ्यावरही जपून. जावाचा तयार लाल, २५५, ०, ०, पांढऱ्यावर ४.० देतो, म्हणजे किंचित कमीच पडतो. १९२, ०, ० घ्या, साडेसहाच्या आसपास जातो. तयार हिरवा तर वापरूच नका. ०, २५५, ० पांढऱ्यावर १.४ सुद्धा देत नाही. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दारं सताड उघडी असतात, उन्हाची तिरीप मॉनिटरवर येते, आणि तो पोपटी मजकूर दिसेनासा होतो. ०, १२८, ० घेतलात तर गुणोत्तर पाचच्या वर जातं. हे आकडे ऑफिसच्या खोलीत बसून ठरवू नका. प्रोग्रॅम जिथे चालणार त्या टेबलाशी उभे राहून एकदा बघा.

याच ओघात मनापासून सांगतो: लाल-हिरवा ही जोडी एकटी सोडू नका. लाल आणि हिरव्यात फरक न करू शकणारी माणसं आपल्याला वाटतात त्याहून जास्त असतात. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, त्यामुळे पुरुषांत तो स्त्रियांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो, आणि तुमच्या ट्रीसमोर बसणारे बहुतेक पुरुषच असतील. डाईंगमध्ये छटा जुळवणारा माणूस निवडताना लोक त्याची नजर पाहतात, पॅकिंगच्या टेबलावर कुणी पाहत नाही. ते लोक स्वतःहून सांगतही नाहीत, कित्येकांना स्वतःलाच माहीत नसतं. म्हणून उशिराच्या लॉटला वेगळा आयकॉन द्या, घड्याळ किंवा त्रिकोण, आकाराने वेगळा. याने दुसराही फायदा होतो: ओळ निवडल्यावर लाल रंग आपण काढून घेतो तेव्हा 'हा लॉट उशिराचा आहे' ही माहिती आयकॉनमुळे टिकून राहते.

सेट-बॅकग्राउंड का चालत नाही? कारण डिफॉल्ट-ट्री-सेल-रेंडरर पार्श्वभूमी स्वतः रंगवतो. त्याच्या पेंट मेथडमध्ये तो बॅकग्राउंड-नॉन-सिलेक्शन-कलर विचारतो, आणि तो रिकामा, म्हणजे नल असेल तरच सेट-बॅकग्राउंडने दिलेल्या रंगाकडे वळतो. बहुतेक वेळा तो रिकामा नसतो. भर म्हणून, तुम्ही दिलेला रंग यूआय-मॅनेजरकडून आणलेला असेल, म्हणजे कलर-यूआय-रिसोर्स जातीचा, तर सेट-बॅकग्राउंड तो चक्क नल करून टाकते. फॉन्टच्या बाबतीतही असंच आहे.

यावर सगळ्यात स्वच्छ वाट म्हणजे गेट-बॅकग्राउंड-नॉन-सिलेक्शन-कलर ही मेथड ओव्हरराइड करून तिथे चालू ओळीच्या स्थितीप्रमाणे रंग परत देणं. चालू ओळ कोणती हे एका फील्डमध्ये ठेवावं लागेल, आणि ते फील्ड दर वेळी, पार्टीच्या ओळीलाही, नव्याने भरावं लागेल. तिथे धोट्याची गोष्ट विसरलात की पुन्हा तीच रडकथा. काही जण सेट-ओपेक खरं करून मोकळे होतात. ते चालतं, पण मग पार्श्वभूमीची सगळी जबाबदारी तुमची: निवडलेल्या ओळीचा रंगही तुम्हीच द्यायचा, आणि आयकॉनच्या मागची जागाही रंगून निघते. माझं मत विचाराल तर ट्रीमध्ये पार्श्वभूमी रंगवूच नये. फांद्यांमुळे ओळी वेगवेगळ्या अंतरावर सुरू होतात आणि रंगाच्या पट्ट्या आखूड-लांब दिसतात. टॉवेलाचा काठ असा वाकडातिकडा आला तर आपण तो सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात टाकू.

तीन टिंबं. ट्री प्रत्येक ओळीची रुंदी एकदा मोजून जपून ठेवते. मोजली तेव्हा अक्षर साधं होतं, नंतर लॉट उशिराचा झाला, तुम्ही ठळक केलंत, ठळक अक्षराला जागा जास्त लागते, पण ट्रीकडे माप जुनंच. मग लेबल बिचारं मिळालेल्या जागेत मावायला शेवट कापतं. नुसतं रीपेंट करून हे सुटत नाही, कारण रीपेंट माप पुन्हा घेत नाही. लॉटची स्थिती बदलल्यावर मॉडेलची (ट्रीचा डेटा सांभाळणाऱ्या ऑब्जेक्टची) नोड-चेंज्ड मेथड त्या नोडसह बोलवा. ती ट्रीला कळवते, ट्री त्या ओळीचं माप पुन्हा घेते आणि रंगवते. नुसता रंग बदलला असेल तर ट्रीवरचं रीपेंट पुरतं, पण मी दोन्ही वेळा नोड-चेंज्डच वापरतो. उद्या कुणी ठळकपणा जोडला तर पुन्हा शोधाशोध नको.

नोड-स्ट्रक्चर-चेंज्ड किंवा रीलोड मात्र रंगासाठी वापरू नका. त्यांनीही काम होतं, पण त्या नोडखाली उघडलेल्या फांद्या मिटतात. सुपरवायझर आठ पार्ट्या उघडून बसलेला असतो आणि दर मिनिटाला त्याची ट्री मिटत असेल तर तो तुमचा प्रोग्रॅम बंद करून वही उघडेल. ते योग्यच आहे त्याचं.

रेंडररवर स्वतःवर रीपेंट बोलावणंही व्यर्थ. डिफॉल्ट-ट्री-सेल-रेंडररमध्ये रीपेंट, रीव्हॅलिडेट, व्हॅलिडेट या मेथड वेग वाढावा म्हणून मुद्दाम रिकाम्या ठेवल्यात. तुम्ही हाक मारता, आत काहीच घडत नाही, आणि एररही येत नाही. हाक ट्रीला मारायची.

देवनागरी मजकूर असलेल्यांसाठी एक जोड: काही लुक अँड फीलमध्ये (स्विंगच्या तयार रूपांमध्ये) ओळीची उंची ठरावीक आकड्यात बांधलेली असते आणि ती रोमन अक्षरांच्या मापाची असते. मग आपल्या वेलांट्या आणि उकार कापले जातात. ट्रीची रो-हाइट शून्य करा. मग ती प्रत्येक ओळीची उंची रेंडररला विचारून ठरवते.

स्थिती कुठून बदलते हेही तपासा. तुमच्याकडे वेगळा थ्रेड दर मिनिटाला डेटाबेस वाचतो असं तुम्ही लिहिलंय. त्या थ्रेडमधून थेट मॉडेलला हात लावत असाल तर रंग कधी बदलतील, कधी नाही, कधी अर्धी ओळ जुनी दिसेल, आणि हा दोष तुमच्या मशीनवर कधीच सापडणार नाही, फक्त कारखान्यात सापडेल. स्विंगचा नियम सरळ आहे: पडद्याशी संबंधित सगळं काम इव्हेंट डिस्पॅच थ्रेडवर. डेटाबेसचं वाचन स्विंग-वर्करच्या डू-इन-बॅकग्राउंडमध्ये, आणि नोड-चेंज्डची हाक डनमध्ये किंवा प्रोसेसमध्ये.

आणि एक अशी वेळ, जेव्हा डेटा बदलत नाही पण रंग बदलायला हवा: तारीख उलटते तेव्हा. रात्रपाळीला प्रोग्रॅम चालूच असतो. बारा वाजून गेले, लॉटची मुदत संपली, पण कुणी काही नोंदवलं नाही म्हणून ट्रीला कळलंच नाही. स्विंगचा स्वतःचा टायमर लावा, तो इव्हेंट डिस्पॅच थ्रेडवरच चालतो. दर पाच-दहा मिनिटांनी सगळ्या लॉटच्या स्थिती नव्याने ठरवून जे बदलले त्यांच्यापुरतं नोड-चेंज्ड बोलवा.

महिनाअखेरीला हिशोब बंद करताना तुम्ही ट्री सेट-इनेबल्ड खोटं करता, आणि तेव्हा सगळे रंग जातात असंही तुम्ही ओझरतं लिहिलंय. तो दोष नव्हे. ट्री बंद असली की रेंडररही बंद होतो, आणि बंद लेबल फोरग्राउंडकडे ढुंकूनही न पाहता फिकट अक्षर काढतं. त्या काळात रंग दिसायला हवे असतील तर ट्री चालू ठेवा आणि बदल करण्याची बटणं बंद करा.

हे सगळं करूनही रंग दिसला नाही, तर अंदाज बांधत बसू नका. रेंडररमध्ये सगळ्या ओळींना बेधडक गुलाबी द्या आणि प्रोग्रॅम चालवा. सगळं गुलाबी झालं, तर रेंडरर चालतोय आणि चूक तुमच्या अटीत आहे. एकही ओळ गुलाबी झाली नाही, तर तुमचा रेंडरर वापरातच नाही. मग कारणं मोजकी: सेट-सेल-रेंडरर भलत्याच ट्रीवर लागला, किंवा मेथडच्या पॅरामीटरचा क्रम-प्रकार जरा चुकला आणि जावाने ती वेगळी मेथड समजून बाजूला ठेवली. मेथडच्या वर ओव्हरराइडची खूण लिहा. चूक असेल तर कंपायलरच अडवेल. काही ओळी गुलाबी आणि काही नाहीत असं झालं, तर गुलाबी देणाऱ्या ओळीच्या आधी कुठेतरी रिटर्न आहे. लुक अँड फील बदलत असाल तर तो खिडक्या उभ्या करण्याच्या आधी बदला, आणि तुम्ही निंबस नावाचा लुक अँड फील वापरत असाल तर ही गुलाबी चाचणी एकदा मेटल या साध्या लुक अँड फीलवरही करा. मेटलवर बरोबर आणि निंबसवर चूक दिसली, तर तुमचा कोड ठीक आहे आणि शोध कुठे घ्यायचा ते कळतं.

तुमचा शेवटचा उपप्रश्न वेगळ्या गोष्टीचा होता: वजनकाट्याजवळच्या कॉम्प्युटरवर पायथॉनमध्ये लिहिलेला छोटा प्रोग्रॅम आहे, त्यात टीटीकेचा (पायथॉनबरोबर येणाऱ्या टीके टूलकिटमधल्या भागाचा) ट्रीव्ह्यू आहे, टॅगला फोरग्राउंड दिलाय, आणि तोच कोड तुमच्या लॅपटॉपवर रंग दाखवतो पण काट्यावर नाही. तिथे पायथॉन ३.७.३ आहे असं तुम्ही लिहिलंत, आणि उत्तर त्यातच आहे. विंडोजच्या त्या आवृत्तीबरोबर टीके ८.६.९ येतं, आणि टीके ८.६.९ मध्ये हा दोष खुद्द टूलकिटमध्येच होता. स्टाइलच्या नकाशात 'बंद नसलेली, निवडलेली नसलेली' अशा ओळींसाठी एक रंग नोंदवलेला असायचा आणि तो तुमच्या टॅगच्या रंगावर मात करायचा. म्हणजे जवळजवळ प्रत्येक साध्या ओळीचा रंग गिळला जायचा. २०१९ मध्ये आलेल्या टीके ८.६.१० मध्ये तो दुरुस्त झाला.

आधी खात्री करा: पायथॉनमधून टीकेला इन्फो पॅचलेव्हल विचारा, नेमकी आवृत्ती सांगेल. शक्य असेल तर नवं पायथॉन टाका, पण टाकल्यावर हीच चौकशी पुन्हा करा, कारण पायथॉनची आवृत्ती पुढची असली म्हणजे आतलं टीकेही पुढचं असेलच असं नाही. काट्याच्या ड्रायव्हरमुळे ते मशीन हलवता येत नसेल, तर स्टाइलच्या मॅप मेथडने ट्रीव्ह्यूचा फोरग्राउंड आणि बॅकग्राउंडचा नकाशा वाचून घ्या, त्यातली 'बंद नसलेली, निवडलेली नसलेली' अशी सुरू होणारी नोंद गाळा आणि उरलेला नकाशा परत लावा. पाच-सहा ओळींचं काम आहे. थीम बदलली तर ते पुन्हा करावं लागतं, हे लक्षात ठेवा.

सुरुवात जेट्रीपासून करा. पाच लॉटची छोटी ट्री बनवा, तिसरा तेवढा उशिराचा ठेवा, सेट-टेक्स्ट-नॉन-सिलेक्शन-कलरची ओळ काढून सुपरनंतर सेट-फोरग्राउंड लावा, आणि प्रत्येक ओळीवर वरून खाली, मग खालून वर क्लिक करत जा. फक्त तिसरा लाल राहिला पाहिजे, आणि तो निवडला की पांढऱ्या अक्षरात वाचता आला पाहिजे. हे जमलं की मग फॉन्ट, त्यानंतर आयकॉन. प्रत्येक भर घातल्यावर तीच वर-खाली क्लिकची फेरी. तरीही काही अडलं तर रेंडररची पूर्ण मेथड आणि सेट-सेल-रेंडरर जिथे लावलाय ती ओळ, दोन्ही पाठवा. मी बघतो.